हौसाबाई बऱ्या आहेत

"रसिका, आमच्याकडे एक मेलेली बाई रोज सकाळी 'मी बरी आहे' म्हणून कळवते आहे. तू आज येऊ शकशील का?"

चित्राताईंचा फोन आला तेव्हा मी कळव्याच्या घरी गॅलरीत उभी राहून केस पुसत होते. ठाण्यातल्या लहानसहान ऑफिसांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. लोक मला काय वाट्टेल ते सांगतात. प्रिंटर रुसलाय, इंटरनेट मेलंय, कॉम्प्युटर शिव्या देतोय. मी हो हो म्हणते आणि जाऊन वायर नीट खोचते. पण चित्राताई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा बातम्या दिल्यासारख्या देतात. मी केस तसेच ओले बांधले आणि निघाले.

चित्राताईंचं ऑफिस टेंभी नाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. 'सोबत' अशी पाटी. ठाण्यापासून शहाडपर्यंत जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांना तिथून रोज सकाळी सातला फोन जातो. फोन कॉम्प्युटर करतो, आवाज चित्राताईंचा. यादीतलं प्रत्येक नाव त्यांनी स्वतः म्हणून ठेवलेलं आहे. "नमस्कार, अमुकअमुक. बरे आहात ना? बरे असाल तर एक दाबा." एक दाबलं की भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर ते नाव हिरवं होतं. नाही दाबलं तर पुन्हा एकदा फोन, आणि तरीही नाही तर नाव लाल. लाल झालं की कुणीतरी त्या घरी जायचं, पाऊस असो नाहीतर दंगल. बस, एवढंच काम. चित्राताईंची एक मावशी डोंबिवलीत स्वयंपाकघरात पडली आणि तशीच पडून राहिली. पंखा चालू, दार आतून बंद, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना वाटलं, मुलाकडे गेली असेल. त्यानंतर त्यांनी बँकेतली नोकरी सोडून हे सुरू केलं.

मी पोचले तेव्हा त्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. बऱ्याच नावांपुढे लाल होतं. मधेच एक हिरवं: हौसाबाई, शहाड.

"श्रावणात गेल्या," चित्राताई म्हणाल्या. "सोनल होती त्यांच्याजवळ हॉस्पिटलात. मी त्यांचं नाव यादीतून काढलं. आणि दसऱ्यापासून त्या रोज हिरव्या दिसतात. आणखी दोन गेलेली माणसंही दिसतात, पण ती लाल. गेलेल्या माणसांनी फोन उचलू नये, एवढं मला पटतं. ही उचलते."

"भुतांना बटण दाबायला बोट नसतं, चित्राताई."

"मला भुताची भीती नाही गं. मला बाकीच्या हिरव्या नावांची भीती वाटते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लाल खोटं निघालं तर एक फेरी वाया जाते. हिरवं खोटं निघालं तर माणूस जातो. मेलेली बाई हिरवी दिसू शकते, तर उद्या फरशीवर पडलेलं कुणीही हिरवं दिसेल. मग मी इथे बसून काय करते?"

मी बॅग उघडली.

लाल नावांचंही तेच दुखणं होतं. दसऱ्यापासून निम्मे लाल खोटे निघत होते. सोनल, म्हणजे कल्याणकडची घरं बघणारी 'सोबत'मधली मुलगी, स्कूटर दामटत जायची आणि आजीबाई लाटणं हातात घेऊन दार उघडायच्या, वर विचारायच्या, "अगं, दाबलं की मी एक, तुमचं मशीन बहिरं झालंय का?" कुणाला सकाळी दोनदा फोन येत होता, कुणाला एकदाही नाही. फोन करणाऱ्या कॉम्प्युटरचं कनेक्शन मधूनच जात होतं आणि आपलं आपण परत येत होतं. असलं येऊन-जाऊन असणारं दुखणं मला मुळीच आवडत नाही. मेलं एकदाचं तर शोधता तरी येतं.

सर्व्हर आतल्या खोलीत असतो. एकच काळी पेटी, पण तिच्या पोटात तीन वेगळे कॉम्प्युटर चालतात, सगळे सॉफ्टवेअरचे. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला काही नाही, पण नेटवर्कवर प्रत्येकाचा स्वतःचा पत्ता. पेटीवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि झेंडूची वाळकी माळ अजून लटकत होती. खंडेनवमीची पूजा. आमच्यात यंत्र चालू ठेवून त्याची पूजा करत नाहीत, म्हणून वर्षातून तेवढा एकदा सर्व्हर बंद करतात, पुसतात, कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी आपट्याचं पान ठेवून परत चालू करतात. मी पण माझ्या लॅपटॉपला लावते. तक्रार नाही.

मी फोन करणाऱ्या मशीनला पिंग करायला घेतलं. पिंग म्हणजे 'आहेस का?' एवढीच हाक, आणि समोरून 'आहे' एवढंच उत्तर. आहे, आहे, आहे. मग गप्प. मग पुन्हा आहे. मी केबल बदलली, सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या डबीवरची, म्हणजे स्विचवरची, जागा बदलली, मशीन बंद करून चालू केलं, स्विचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काही फरक नाही. शेवटी म्हटलं, नेटवर्कमधून याला पूर्ण तोडून बघू. व्हर्च्युअल मशीनची वायरही व्हर्च्युअल असते, स्क्रीनवर एक खूण काढली की निघते. मी खूण काढली. आता त्या पत्त्यावर कुणीच नव्हतं.

आणि पिंगला उत्तर आलं. आहे.

मी वायर परत तपासली. निघालेलीच होती. आहे, आहे, आहे. आता तर मधे गप्पसुद्धा होत नव्हतं. ज्या घरातलं माणूस मी माझ्या हाताने बाहेर काढलं होतं, त्या घरातून कुणीतरी शांतपणे ओ देत होतं. कारण काहीतरी साधंच असणार हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी घाबरले. दिवसाढवळ्या, खाली रस्त्यावर मांडववाल्यांचे बांबू उतरवण्याचा दणदणाट चाललेला असताना.

"काय झालं?" दारातून चित्राताई.

"त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलंय."

मग मात्र शोधायला वेळ लागला नाही. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला पत्त्याशिवाय त्याचा स्वतःचा असा एक नंबर असतो, आणि उत्तर देणाऱ्याचा नंबर आमच्या मशीनचा नव्हता. सर्व्हरवरच्या यादीत सगळ्यात खाली एक मिटलेलं फोल्डर होतं, नाव 'जुने'. उघडलं, तर आत एक चौथं मशीन, आणि ते चालू.

माझ्या आधी इथलं काम साईनाथ बघायचा, तो आता पुण्याला गेला. गुणी मुलगा, पण काही म्हणून टाकायचा नाही. आपल्याकडे माळ्यावर रिकामे डबे ठेवतात ना, लागले तर असू देत म्हणून, तसला. उन्हाळ्यात त्याने फोनचं नवं मशीन केलं ते जुन्याची नक्कल काढून. फोनच्या लाइनने वाट चुकू नये म्हणून नव्याला जुन्याचाच पत्ता दिला, जुनं बंद केलं, आणि ठेवून दिलं. फक्त एक खूण काढायची राहिली: सर्व्हर जागा झाला की तूही जागं हो. सर्व्हर दसऱ्यापर्यंत झोपलाच नाही, म्हणून काही बिघडलं नाही. खंडेनवमीला त्याला पूजेसाठी बंद केला, दसऱ्याला चालू केला, आणि त्याच्याबरोबर उन्हाळ्यातलं मशीन डोळे चोळत उठलं. त्याला श्रावण माहीत नव्हता. सकाळचे सात वाजले, त्याने आपली जुनी यादी घेतली, सगळ्यांना हाका मारायला सुरुवात केली, आणि उत्तरं त्याच भिंतीवर पाठवायला लागलं.

दोन मशीनं, पत्ता एक. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या दारात पडायचं. खोटे लाल आले ते इथून. मी जुनं मशीन बंद केलं, नव्याची वायर लावली. पिंग घड्याळासारखं चालायला लागलं.

"झालं," मी म्हणाले.

"लाल कळलं," चित्राताई म्हणाल्या. "हिरवं कुठे कळलं? मशीनने हौसाबाईंना फोन केला, ठीक. एक कुणी दाबलं?"

हा प्रश्न मला टाळता आला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लाइनवरची खरखर मशीनला एक दाबल्यासारखी वाटली असेल. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, की हे खरं असेल तर त्यांची भीतीही खरी आहे. खरखर कुठल्याही लाइनवर येऊ शकते.

जुन्या मशीनमध्ये प्रत्येक फोनची नोंद राहते. मी ती बघितली. बाकीची म्हातारी मंडळी चित्राताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक दाबून मोकळी होतात, रोजचंच असतं, चहा थंड होत असतो. हौसाबाईंच्या फोनवर तसं नव्हतं. फोन उचलला जायचा. वाक्य संपायचं. मग नुसती शांतता, लाइन तुटायची वेळ येईपर्यंत. आणि अगदी शेवटी, एक. दसऱ्यापासून रोज असंच. खरखर अशी थांबत नाही. उत्तर देण्याआधी कुणीतरी विचार करत होतं.

मी हे चित्राताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "हे कळेपर्यंत मी भिंतीवरच्या एकाही हिरव्यावर विश्वास ठेवणार नाही," म्हणाल्या. "उद्यापासून सगळ्यांना मी स्वतः फोन करेन." आणि केले. सोनल आणि त्या, दोघींनी मिळून, सकाळी सातपासून घसा बसेपर्यंत.

मी आणि सोनल शहाडला गेलो तो शनिवार होता. कल्याणहून तिच्या स्कूटरवर. एरवी ही पोरगी एवढी बडबड करते की हेल्मेटमधूनही ऐकू येते. त्या दिवशी गप्प होती. शहाडचा पूल उतरल्यावर म्हणाली, "ताई, मी त्यांच्या तोंडात पाणी घातलेलं. तेराव्याला पण मी गेलेले. माझ्या हातात हात होता त्यांचा, सुटलेला कळला मला. आता तुम्ही बोलताय की त्या फोन उचलतात."

"मी असं म्हटलेलं नाही. कुणीतरी उचलतं, असं म्हटलंय."

"कोण पण? ती रूम बंद असते ना. मी मागे बघून आलेले."

खोली खरंच बंद होती. उल्हास नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत बैठ्या खोल्यांची रांग, त्यातली शेवटची. दाराला बाहेरून कुलूप, तेही चांगलं पितळी. खिडकीच्या झडपा लावलेल्या. शेजारच्या दोन खोल्यांनाही कुलपं, माणसं कामाला गेलेली. नदीवरून कुजक्या जलपर्णीचा वास येत होता.

मी स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला आणि मोबाइलवरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडला. नव्याची वायर काढून जुनं मशीन तेवढ्यापुरतं परत चालू केलं होतं, आणि त्यात बाकी सगळी नावं बंद करून एकच चालू ठेवलं होतं. सोनलने माझ्याकडे बघितलं, मी बटण दाबलं.

आत फोनची घंटा वाजली. जुन्या पद्धतीची, कर्कश. बंद खोलीत वाजणारी घंटा एवढी मोठी वाटते हे मला माहीत नव्हतं. वाजली, वाजली, वाजत राहिली, आणि मग तुटली नाही, थांबली. कुणीतरी रिसीव्हर उचलला होता. सोनलने माझा दंड एवढ्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत तिची बोटं दिसत होती. आतून पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं, शब्द कळले नाहीत. मग काहीच नाही. मी स्क्रीनकडे बघत उभी होते. आता लाइन तुटणार, आता तुटणार, असं वाटत असताना नाव हिरवं झालं.

"हौसाबाई बऱ्या आहेत," असं खाली लिहून आलं. ते वाक्य मशीनला साईनाथने कधीतरी शिकवलेलं, पण त्या क्षणी मला ते कुणीतरी मुद्दाम आम्हाला उद्देशून लिहिल्यासारखं वाटलं.

सोनलचं मला कौतुक वाटतं. ती पुढे गेली आणि तिने दारावर थाप मारली. "कोण आहे आत?"

खिडकीची एक झडप वर झाली. त्यातून सुरकुतलेली चार बोटं बाहेर आली, आणि त्यांच्यामागे एक डोळा.

"हौसाकडं आलाव व्हय?" म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. "आत हाय ती. बसा जरा. दार का उघडंना झालंय, काय कळंना."

बायजाला सोनलने फोन करून बोलावलं. बायजा हौसाबाईंची पुतणी, नात्यातली शहाडला राहणारी तेवढीच एक, म्हणून हॉस्पिटलात दोघींची ओळख झालेली. ती जवळच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पिठाच्या हातांनीच धावत आली आणि आम्ही काही विचारायच्या आतच भांडायला लागली.

"मंग काय करू मी? कामावर न्हेऊ का त्यांना? नवरात्रात आणलं गावावरनं. तिकडं कोन हाय बघायला? दोनदा नदीकडं गेले. दुसऱ्यांदा पोरांनी धरून आणलं, गुडघ्याएवढ्या पाण्यातनं. सा वाजता मी जाते, दुपारी येते. कुलूप न्हाई लावायचं तर काय करायचं, सांगा की!"

आतले आजोबा म्हणजे तानाजी, हौसाबाईंचा नवरा. रिटायर झाल्यावर ते जुन्नरकडच्या गावी राहायला गेले, हौसाबाईंचं तिकडे मन रमेना म्हणून त्या इथेच राहिल्या. भांडण वगैरे नव्हतं. सणावारी जाणं-येणं असायचं. गेल्या एकदोन वर्षांत आजोबांच्या लक्षात काही राहीनासं झालं. तेराव्याला आले होते, पुढच्या पंगतीत बसून जेवले होते, आणि गावी परत गेल्यावर हौसाकडे जायचं म्हणून रोज पिशवी भरून दारात उभे राहायचे. शेवटी बायजाने त्यांना इथे, हौसाबाईंच्याच खोलीत आणून ठेवलं. सकाळी सातला बायजा घरात नसते, त्यामुळे त्या फोनबद्दल तिला काही माहीतच नव्हतं.

दार उघडल्यावर आम्ही आत गेलो. खोली स्वच्छ होती. फोन खिडकीशी, स्टुलावर. आजोबा टोपी घालून पाहुण्यांसारखे नीट बसले होते.

"नाना," सोनलने खाली बसून विचारलं, "सकाळी फोन येतो ना, तेव्हा तुम्ही काय करता?"

"एक बाई करती फोन. लई गोड बोलती. हौसा बरी हाय का इचारती. बरी आसंल तर एक दाबा म्हनती."

"मग तुम्ही दाबता?"

"आधी इचारतो की!" आजोबांना सोनलच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. त्यांनी आतल्या मोरीच्या दाराकडे हात केला. "तिला हाक मारतो. हौसा, बरी हाईस का गं? ती बरी हाय म्हनली की मंग दाबतो. उगा खोटं कशाला दाबायचं?"

मोरीच्या दारावर एका जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्यामागे बादली आणि नळ. मी न बघता राहू शकले नाही.

बायजाने आम्हाला बाहेर बोलावलं. आता ती भांडत नव्हती. "सांगितलंय मी त्यांना," म्हणाली. "पैल्यांदा रोज सांगायची. नाना, काकी गेली. रोज नव्यानं ऐकायचे आन् रोज नव्यानं रडायचे, आत्ताच गेल्यावानी. चार दिस बघितलं. मंग सोडलं मी सांगायचं. बघवंना."

परत येताना मी सोनलला म्हटलं, घे, निघालं तुझं भूत. ती हसली नाही. मलाही हसू येत नव्हतं. मशीन चुकलेलं नव्हतं, लाइन चुकलेली नव्हती, त्या खोलीत जिवंत बोट होतं. भिंतीवरची सगळी हिरवी नावं खरी होती, चित्राताईंना आता रात्री झोप येईल. मला राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. पहाटेपासून दुपारपर्यंत एक म्हातारा माणूस कुलपात एकटा बसलेला होता आणि तो कुठल्याही यादीत नव्हता. तो आहे हे आम्हाला कळलं ते एका विसरलेल्या मशीनने चुकून हाक मारली म्हणून.

चित्राताईंनी ऐकून घेतलं आणि लगेच मायक्रोफोन ओढला. "नमस्कार, तानाजीराव." नवीन यादीत नवीन नाव. बायजाकडून एक किल्ली सोनलने घेतली.

पहिल्याच सकाळी तानाजीराव लाल. सोनल धावली. आजोबा खिडकीत मजेत बसलेले. दुसऱ्या सकाळी लाल, तिसऱ्याही. "नाना, एक का दाबत नाही?" तर म्हणाले, "तानाजीला काय इचारायचं? तो हितंच बसलाय की. हौसाला कोन इचारीत न्हाई आता?" आणि त्यांचा चेहरा उतरलेला, सोनल म्हणाली. बायको आजारी असताना कुणी चौकशी करू नये, तसा.

"हौसाबाईंचं नाव परत घालू या," मी म्हटलं.

"नाही." चित्राताई एवढ्या चटकन म्हणाल्या की मी दचकले. "गेलेल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, रसिका. मी देवधर्माचं फार करत नाही, पण एवढं पाळते. आणि मेलेली बाई बरी आहे असं माझ्या भिंतीवर लिहायचं? मग या भिंतीचा उपयोग काय?"

"त्या भिंतीला काय हवं असतं? दाराआड कुणीतरी जिवंत आहे, एवढंच ना? ते कळायला दुसरा रस्ता असेल तर सांगा."

रस्ता नव्हता. शेवटी त्यांनी होकाराची मान हलवली, पण नाव पुन्हा म्हणायला त्यांचा आवाज तयार होईना. दोनदा तोंड उघडून त्यांनी मायक्रोफोन बाजूला ठेवला. मग मी जुन्या मशीनमधून त्यांचीच उन्हाळ्यातली हाक काढली, नव्यात घातली, आणि जुनं मशीन कायमचं पुसून टाकलं. पुसताना सर्व्हर विचारतो, नक्की का. मला उगाचच वाईट वाटलं.

त्यानंतर हौसाबाई रोज हिरव्या होत. सगळ्यांत शेवटी. बाकीची नावं झाली तरी चित्राताई खुर्चीतून उठायच्या नाहीत. मीही एकदोनदा सकाळी तिथे असताना पाहिलं आहे. ती शांतता सुरू झाली की वाटायचं, आता तिकडे शहाडला तो माणूस मान वळवून मोरीच्या दाराकडे हाक मारतोय आणि कान देऊन थांबलाय. मग नाव हिरवं व्हायचं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता चहा ओतायचो. काय ऐकू येत असेल त्याला, हा विचार मी घरी गेल्यावर करायची. स्वयंपाक करताना पाठीमागे बघायची सवय मला त्याच दिवसांत लागली.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एका सकाळी मी नवीन स्विच बसवायला लवकर गेले होते. सगळी नावं हिरवी झाली, आणि हौसाबाईंपुढे शांतता लांबली. लाइन तुटली. दुसरा फोन गेला. उचलला गेला. पुन्हा तीच शांतता, आणि पुन्हा लाइन तुटली.

लाल.

सोनल कल्याणहून निघाली होती. चित्राताई उभ्या होत्या, हात टेबलावर घट्ट रोवून. त्या मावशीचाच विचार करत असणार. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

सोनलचा फोन आला, चित्राताईंनी स्पीकरवर टाकला.

"ताई, बरे आहेत ते. पडले-बिडले नाहीत. फोन मांडीवर घेऊन बसलेत." तिला धाप लागली होती. मी खाली खुर्चीत बसले. "पण दाबत नाहीयेत. बोलतात की हौसा आज उत्तर देत नाही. चारचारदा हाक मारली बोलतात. मला बोलतात, तू जा, आत जाऊन बघ, मला भीती वाटते. ताई, मी काय सांगू त्यांना?"

बायजाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. "काही सांगू नकोस," मी म्हटलं. "बाजारात गेल्यात म्हणून सांग. विसरतील दुपारपर्यंत."

"नको," चित्राताई म्हणाल्या. "ऐकू आलं नाही म्हणून त्याने आज दाबलं नाही, रसिका. त्याने खोटं दाबलं नाही. मग आपण कसं बोलायचं?" त्या फोनकडे वाकल्या. "सोनल, त्यांच्याजवळ बस. हात धर. आणि खरं सांग."

पलीकडे सोनल खाली बसल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. "नाना," ती म्हणाली. "हौसाबाई गेल्या हो. श्रावणात गेल्या. मी होते त्यांच्याजवळ."

मला वाटलं होतं ते रडतील. रडले नाहीत. खूप वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी शुद्धीवरच्या माणसाचा.

"श्रावणात?" ते म्हणाले. "मंग इतके दिस आतनं मला बरी हाय म्हनून कोन सांगत हुतं?"